दहाव्या पायरीवर हरवलेला आठ

भोपाळहून इटारसी, खंडवा, भुसावळमार्गे मुंबईला जाणारी गाडी नाशिक रोड सोडते आणि थोड्याच वेळात देवळाली येतं. पुढे घाट उतरला, कल्याण मागे पडलं की डोंबिवली. आपल्या मंडळातल्या बहुतेक कुटुंबांनी हा रस्ता मे महिन्याच्या सुट्टीत, लग्नकार्यांना, दुखल्याखुपल्याला इतक्या वेळा केला आहे की स्टेशनांची नावं मुलांनाही पाठ असतात. पण या दोन्ही स्टेशनांची नावं जगातल्या गणिताच्या पुस्तकांत आली आहेत, हे फारसं कुणाला माहीत नसतं. एकेकाळच्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या डोंबिवलीच्या नावावरून 'डेमलो संख्या' निघाल्या आणि देवळालीच्या नावावरून 'देवळाली संख्या'. दोन्हींचे कर्ते एकच, दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. शाळामास्तर.

त्यांच्याविषयी पुढे लिहितेच. आधी एक मोठी संख्या पाहू, कारण या लेखाची खरी नायिका तीच आहे.

सातवी-आठवीतल्या कोणत्याही मुलाला करता येईल असा हा गुणाकार :

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असंच चढत गेलं की नऊ एक्यांचा वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंकी संख्या, डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. कापरेकरांनी डोंबिवलीच्या नावाने ज्या संख्यांचा अभ्यास केला, त्यांतल्या या सगळ्यात देखण्या. मनोरा असा का बनतो हे समजायला बीजगणित लागत नाही. चौकटीच्या वहीत गुणाकाराची मांडणी करा. प्रत्येक ओळीत नुसते एकेच, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. मग बेरीज करताना पहिल्या स्तंभात एक एका, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, मध्ये नऊ, आणि पुन्हा उतरत एक. झालं.

या सतरा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज ८१ येते, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १५२४१५७८९९७१०४१, आणि तो पुन्हा एक पूर्ण वर्ग आहे, १२३४५६७९ चा. हा शेवटचा आकडा नीट पाहा. त्यात आठ नाही. १२३४५६७९ ला ९ ने गुणलं की नऊ एके येतात, ६३ ने गुणलं की नऊ सत्ते. आमच्या लहानपणी काका-मामा हा खेळ करून दाखवत आणि आम्ही थक्क होत असू. मूळ अवयव पाडले तर नऊ एके म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. शेवटची ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. तिला तिनाने गुणलं की १००१००१ येतात.

आता दहावी पायरी. दहा एके गुणिले दहा एके. मुलांना विचारा, बहुतेक जण मधे '१०' लिहून मोकळी होतात. पण एका घरात दहा मावत नाहीत. शून्य ठेवून हातचा एक पुढे जातो, तिथे नऊ असतात, त्यांचे दहा होतात, पुन्हा शून्य आणि पुन्हा हातचा एक. तो जाऊन बसतो आठाच्या घरात, आणि आठाचे नऊ होतात. उत्तर येतं :

१२३४५६७९००९८७६५४३२१

डावीकडचा आठ नाहीसा झाला, मधे दोन शून्यं आली, मनोऱ्याचा तोल गेला. ही संख्या उलटसुलट सारखी वाचली जात नाही. अंकांची बेरीज ८२, म्हणजे सम, आणि संख्या स्वतः विषम. तेव्हा अंकांच्या बेरजेने भाग जाण्याचाही प्रश्न मिटला. डेमलोच्या सुंदर रांगेतून ही बाद.

बहुतेक पुस्तकं इथे थांबतात. आपण मात्र या बाद झालेल्या संख्येचे दोन तुकडे करू. उजवीकडचे दहा अंक वेगळे काढा, ०९८७६५४३२१. डावीकडे उरतात १२३४५६७९०. दोन्हींची बेरीज करा.

१२३४५६७९० + ९८७६५४३२१ = ११११११११११

पुन्हा दहा एके! ज्यांचा वर्ग केला तेच परत आले. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात : वर्ग करा, दोन तुकडे करा, बेरीज करा, मूळ संख्या परत. छोटं उदाहरण म्हणजे ४५. वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. २०२५ साल लागलं तेव्हा हे गणित बऱ्याच जणांच्या फोनवर फिरत होतं. ५५ चंही तसंच, वर्ग ३०२५, ३० + २५ = ५५. आणि शाळेत आवर्ती दशांश शिकताना भेटलेली १४२८५७? तिचा वर्ग २०४०८१२२४४९; २०४०८ + १२२४४९ = १४२८५७.

पुढे जाण्याआधी आपल्या एकोणीस अंकी संख्येचं वाचन कसं करायचं हे पाहू, कारण भोपाळच्या मराठी घरात ही एक वेगळीच गंमत होते. आजी म्हणते एकवीस, शेजारी म्हणतात इक्कीस, शाळेत ट्वेंटी वन. शंभरापर्यंत हे चालून जातं. पण कोटीच्या वर गेलं की नुसता उच्चार बदलत नाही, किंमतच बदलते. आपल्या एकम-दहम-शतम परंपरेत, जी भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही आहे, अब्जानंतर दर घराला नवं नाव येतं : खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. हिंदीत मात्र अब्जाचा अरब होतो आणि पुढचं नाव दोन घरं सोडून येतं : खरब, नील, पद्म, शंख. म्हणजे आजीचा खर्व हा एकावर दहा शून्यं आणि शाळेतला खरब एकावर अकरा. नावं इतकी सारखी, फरक दहापट! निखर्व म्हणजे हिंदी खरब, शंकू म्हणजे नील. आणि शेवटी दोन्ही परंपरा एकाच घरात येऊन पोचतात. परार्ध आणि शंख, दोन्ही एकावर सतरा शून्यं.

तेव्हा आपली संख्या हिंदीत अशी वाचली जाते : बारा शंख, चौंतीस पद्म, छप्पन नील, उन्यासी खरब, अठ्ठानवे करोड़, छिहत्तर लाख, चौवन हज़ार, तीन सौ इक्कीस. मराठीत : बारा परार्ध, तीन मध्य, चार अंत्य, पाच जलधी, सहा शंकू, सात महापद्म, नऊ निखर्व, अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लक्ष, चोपन्न हजार, तीनशे एकवीस. खर्व आणि अब्ज रिकामे, कारण मधली दोन शून्यं नेमकी त्याच घरांत बसली आहेत. मला विचाराल तर मराठी वाचन जास्त मोकळं वाटतं. एकेक घराला एकेक नाव, आणि वाचतानाच कळतं की आठ गायब आहे : सात महापद्मानंतर एकदम नऊ निखर्व.

आता कापरेकर.

जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणू. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, आणि त्या आकडेमोडीतून मुलाला संख्यांची गोडी लागली. आई ते आठ वर्षांचे असतानाच गेली. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. १९२७ साली त्यांना गणितातल्या स्वतंत्र कामाबद्दल रँग्लर परांजपे यांच्या नावाचं पारितोषिक मिळालं, १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले. त्यापुढे गणिताचं औपचारिक शिक्षण नाही. १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळेत शिकवलं. बस्स, इतकंच चरित्र. बाकी सगळं संख्यांत.

ते स्वतःची तुलना दारुड्याशी करत. दारुड्याला पिणं थांबवता येऊ नये, तसं आपल्याला संख्यांचं झालं आहे, असं ते म्हणत. पुस्तिका त्यांनी देवळालीहून स्वतःच छापल्या. विद्यापीठांतल्या गणितज्ञांनी त्यांच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. अंकांशी खेळणं म्हणजे गणित नव्हे, असा एकूण सूर. मग १९७५ च्या मार्च महिन्यात 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिलं, आणि सत्तरीत आलेल्या निवृत्त मास्तरांचं नाव जगभर झालं. पुण्या-मुंबईने दखल घेण्याआधी न्यूयॉर्कने घेतली. हे काही पहिल्यांदा घडलेलं नाही आणि शेवटचंही नसावं.

पण तो सूर अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखा नव्हता. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, रामानुजनांना इंग्लंडला बोलावणारे, यांनी १९४० च्या आपल्या एका प्रसिद्ध पुस्तकात नेमक्या अशाच संख्यांची उदाहरणं देऊन म्हटलं आहे की वर्तमानपत्रातल्या कोड्यांना हे ठीक, गणितज्ञाला यात घेण्यासारखं काही नाही. त्यांचं उदाहरण होतं ८७१२ आणि ९८०१ यांचं. चार अंकी संख्यांत या दोनच संख्या आपल्या उलट्या रूपाच्या पटीत आहेत : ८७१२ म्हणजे २१७८ च्या चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ च्या नऊपट. यावरून एक सरळ मुद्दा निघतो. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून हे घडतं. आपल्याला बारा बोटं असती तर हे आकडे राहिले नसते. मग यात सत्य किती आणि योगायोग किती?

आता गंमत पाहा. हार्डींनी हिणवलेली ९८०१ म्हणजे ९९ चा वर्ग. ९८ + ०१ = ९९. कापरेकर संख्येचाच वर्ग तो! आणि कापरेकर संख्यांच्या मागे नुसता योगायोग नाही. ते कारण इथे सांगते, थोडा धीर धरून वाचा. नातवंडांना समजावता येईल इतकं ते सोपं आहे.

४५ घेऊ. वर्गाचे तुकडे २० आणि २५. म्हणजे वर्ग झाला २० × १०० + २५. बेरीज मात्र २० + २५. दोहोंतला फरक २० × ९९. म्हणजे ४५ च्या वर्गातून ४५ वजा केले की जे उरतं, त्याला ९९ ने भाग जायलाच हवा. वर्गातून ती संख्या वजा करणं म्हणजे ४५ × ४४. ४५ आणि ४४ शेजारी आहेत. शेजारच्या दोन संख्यांत एकाशिवाय समाईक अवयव नसतो. म्हणून ९९ च्या अवयवांची या दोघांत वाटणी होते : ९ गेला ४५ कडे, ११ गेला ४४ कडे. वाटणी उलट केली तर? ११ हा ५५ कडे आणि ९ हा ५४ कडे. आणि ५५ ही कापरेकर संख्या आहेच.

आता दहा एक्यांना हेच लावा. इथे ९९ च्या जागी दहा नव्वे, ९९९९९९९९९९. त्यांचे अवयव ९, ११, ४१, २७१ आणि ९०९१. दहा एक्यांना ११, ४१, २७१, ९०९१ या चौघांनी भाग जातो, म्हणजे एका नऊ सोडून सगळे तिच्या वाट्याला. उरलेला नऊ शेजारच्या ११११११११११० ला हवा. थांबा, दहा एक्यांतून एक वजा केला की शेवटी शून्य येतं आणि मागे नऊ एके राहतात. १११११११११०. अंकांची बेरीज नऊ, भाग गेला. आणि भागाकार? १२३४५६७९०. हाच तो आपल्या संख्येचा डावा तुकडा, आठ हरवलेला. काका-मामांच्या १२३४५६७९ पुढे फक्त एक शून्य.

म्हणजे हातच्यामुळे मोडलेला मनोरा ज्या तुकड्यांत मोडला, ते आधीच ठरलेले होते. २००० साली डग्लस इयानुची यांनी सगळ्याच कापरेकर संख्यांबद्दल हे सिद्ध केलं : नव्व्यांच्या रांगेच्या अवयवांची शेजाऱ्यांत जितक्या प्रकारे वाटणी करता येते, त्यातूनच त्या सगळ्या येतात. आणि ही वाटणी दहाच्या मोजणीवर अडून नाही. बारा बोटं असती तरी असे शेजारी सापडलेच असते, फक्त वेगळे. हार्डी ८७१२ बद्दल बरोबर असतील. कापरेकर संख्यांना तो नियम लावता येत नाही, असं माझं मत.

त्यांच्या आणखी एका शोधाबाबत मात्र मला तक्रार आहे. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो, तिला कापरेकरांनी 'हर्षद' म्हटलं. हर्ष देणारी. वर आपण ८१ चं पाहिलं ते तेच. १८ हर्षद, २१ हर्षद, २०२५ सुद्धा हर्षद : बेरीज नऊ, भागाकार २२५. किती गोड नाव! पण १९७७ साली आयव्हन निवेन यांनी एका परिषदेत या संख्यांविषयी भाषण दिलं आणि पाश्चात्त्य लेखांत त्या निवेन संख्या झाल्या. १९९३ मध्ये कूपर आणि केनेडी यांनी दाखवलं की सलग वीस हर्षद संख्या असू शकतात, एकवीस कधीच नाही. त्या लेखाच्या शीर्षकातही निवेनच आहेत. त्यांनी रचलेल्या अशा वीस संख्यांच्या रांगा कुठे सापडतात? एकावर चार हजार चारशे छत्तीस कोटींहून जास्त शून्यं दिल्यावर जी संख्या होते, तिच्याही पलीकडे. आपले परार्ध आणि शंख तिथे धुळीच्या कणाएवढेही नाहीत. सुदैवाने 'हर्षद' हे नावही टिकलं, आणि आता परदेशी पुस्तकांतही दिसतं. आपल्या मुलांनी तेच वापरावं.

६१७४ बद्दल बहुतेकांनी ऐकलं असेल, म्हणून थोडक्यात. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढता क्रम वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतं आणि तिथेच राहतं. स्कूटरच्या एमपी ०४ नंतरचे चार अंक घेऊन मुलं हे तासन्‌तास करतात. मी कापरेकरांचं जन्मसाल घेतलं, १९०५ : ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६, ६१७४. पुऱ्या सात पायऱ्या. त्यांचं निधन १९८६ साली झालं. तेही घेतलं : ८१७२, आणि पुढे तीच वाट. अर्थात हा योगायोगच, हार्डींच्या पंगतीतला. पण ६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने भागलं की ३४३, म्हणजे साताचा घन. तीही हर्षद निघाली.

देवळाली संख्यांचं मात्र सांगायला हवं, कारण तिथे नाव गावाचं आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिचे अंक मिळवा. १५ मध्ये १ आणि ५ मिळवले की २१. म्हणजे २१ चा जनक १५. काही संख्यांना असा जनकच नसतो. २० ला नाही, ३१ ला नाही, ४२ ला नाही. यांना कापरेकर सेल्फ संख्या म्हणत. आपण स्वयंभू म्हणू. निवृत्तीनंतर, १९६३ साली, त्यांनी देवळालीच्या आपल्या घराच्या पत्त्यावरून यांच्यावर पुस्तक छापलं. १९६३ ही स्वतः स्वयंभू संख्या आहे. पटत नसेल तर १९२७ ते १९६३ मधली कुठलीही संख्या घेऊन पाहा, १९६३ येत नाही. या मास्तरांनी प्रकाशनाचं वर्ष जमवून आणलं असेल का? मला तरी तशी दाट शंका आहे.

घरी करून पाहणाऱ्यांसाठी एक सूचना. दहा एक्यांचा वर्ग फोनच्या कॅल्क्युलेटरवर करू नका. बहुतेक वेळा १.२३४५६७९ आणि पुढे एक 'ई' दिसेल, बाकी अंक गुल. एक्सेल तर पंधरा अंकांनंतर मुकाट्याने शून्यं भरतो आणि आपल्याला १२३४५६७९००९८७६५०००० असं उत्तर देतो. शेवटचे ४३२१ गेले, आणि त्यांच्याबरोबर बेरजेची सगळी गंमत. इथे चौकटीची वही आणि पेन्सिलच लागते. कापरेकरांनी सगळं तसंच केलं. आपल्या भोपाळातूनच १९८५ पासून निघणाऱ्या 'चकमक'च्या कोड्यांवर वाढलेल्या आपल्या मुलांना हे अवघड जाऊ नये.

आणि दहा एक्यांनंतर हा प्रकार पुन्हा कधी होतो? एक वजा केल्यावर उरलेल्या एक्यांची बेरीज नवाच्या पटीत हवी, म्हणजे पुढची पायरी एकोणीस एक्यांची. वर्ग सदतीस अंकी. त्याचा डावा तुकडा १२३४५६७९०१२३४५६७९०, त्यात आठ दोनदा हरवला आहे. उजव्या तुकड्यात एक अंक एकदा हरवतो. तो कोणता आणि कुठल्या हातच्यामुळे, हे वहीत मांडून पाहा. उत्तर मंडळाच्या मासिकाकडे मुलांच्या नावाने पाठवलंत तर पुढच्या अंकात छापायला आवडेल.